मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटमध्ये वाळवी, खर्च कोणाचा?

पुण्यात तळमजल्यावर फ्लॅट, ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, चार महिने झालेत. बाथरूमच्या दाराची चौकट खालून पोकळ झालीय, बोटाने दाबली की वरचा पापुद्रा आत जातो. शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची रेघ चढलीय. किचन ट्रॉलीत झुरळंही आहेत. मालक म्हणतात, पेस्ट कंट्रोल तुमचं. करारात 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने (म्हणजे मी) करावी' एवढंच आहे. चौकटीचे पैसे डिपॉझिटमधून कापले तर?

प्रतिसाद १
झुरळं आणि वाळवी वेगळी धरा. चार महिन्यांनी झालेल्या झुरळांचा खर्च तुम्हीच करा. वाळवी मात्र जमिनीतून बांधकामात शिरते, ती 'किरकोळ'मध्ये बसत नाही, हेच मालकांना लिहा. रेघ इंचभरच फोडा, आत पांढरे किडे फिरताना दिसले तर व्हिडिओ घ्या. बाकीची पुसू नका, वाळवी कुठून चढली ते त्यावरूनच कळतं. फोटोंसह आजच ई-मेल करा. उशिरा कळवलंत तर 'दुर्लक्ष केलं' म्हणत चौकट तुमच्या माथी मारतील.

प्रतिसाद २
१५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, ही सोय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ मध्ये आहे, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. पण ती भाडेकरूसाठी, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो. लायसन्सीने तिच्या भरवशावर परस्पर भाडं कापू नये, कृपा करून. आधी मालकांचा लेखी होकार घ्या.

प्रतिसाद ३
होकार तसाही लागणारच, कारण वाळवीचं औषध आत सोडायला फरशीला भोकं पडतात. भिंत आणि फरशीच्या सांध्यात १२ मिमीची, दर ३० सेंमीवर. चौकटीत ६ मिमीची, तिरपी, दर १५ सेंमीवर. आत इमिडाक्लोप्रिड (वाळवीचं औषध) ३०.५ टक्के, लिटरभर पाण्यात २.१ मिली, मग भोकं सिमेंटने बंद. नुसतं वरून फवारणाऱ्याला पैसे देऊ नका: दिसणारी वाळवी मरते, जमिनीतलं वारूळ तसंच राहतं. ड्रिल करण्याआधी पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते मालकांना विचारा. बाथरूममध्ये गळती असेल तर तीही काढून घ्या, वाळवीला ओल लागते. बिल आणि वॉरंटी मालकांच्याच नावावर करा.

झुरळांसाठी जेल, मसुराएवढे थेंब, बिजागऱ्यांपाशी आणि ड्रॉवरच्या मागे. त्याच्या आसपास स्प्रे मारू नका, झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.