क्लचचं काम झालं आणि एबीएसचा दिवा लागला, आता एसी पण गेला, गॅरेजवाल्यानेच केलंय का?

शनिवार, सोसायटीचा ग्रुप (नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी-७०२: नमस्कार सर्वांना, ज्यांना गाड्यांमधलं कळतं त्यांनी प्लीज वाचा. आपली हॅचबॅक वागळे इस्टेटच्या एका गॅरेजला क्लचप्लेटसाठी दिली होती, सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास चाललीय, क्लच मस्त झालाय त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण गाडी घेऊन निघालो आणि कापूरबावडी यायच्या आत एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) दिवा लागला, सिग्नलला उभी असली की आयडलिंग म्हणजे इंजिनाचा वेग वरखाली होतंय, हायवेला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि आता काही आठवड्यांनी एसीची हवा पण कोमट यायला लागलीय. देताना यातलं एकही नव्हतं. गॅरेजवाला म्हणतो साहेब आम्ही फक्त क्लचला हात लावला. काय करू?

ए-१०३: सरळ जाऊन भांडा. सगळं त्यानेच केलंय, देताना नीट होती ना गाडी, मग विषय संपला.

डी-४०४: हो आणि आजच रिव्ह्यू टाका, दुसऱ्या कोणाचं तरी वाचेल.

ई-६०५: उंदीर बघा आधी. आपल्या पोडियम पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या वायरी दोनदा खाल्ल्यात, डक्टच्या बाजूला ज्यांच्या गाड्या लागतात त्यांना सगळ्यांना त्रास आहे. सेक्रेटरी साहेब, पेस्ट कंट्रोलचं काय झालं?

सी-२०१: थांबा जरा. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये केली मी म्हणून सांगतो, सगळं एकाच्याच नावावर टाकू नका आणि त्याचं "फक्त क्लच" पण ऐकून घेऊ नका. गॅरेजमधून आली आणि बिघडली, एवढ्यावरून त्याचा हात ठरत नाही. क्लचप्लेट काही वरून बॉनेट उघडून बदलता येत नाही, तुमच्यासारख्या गाडीत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यासाठी एअर फिल्टरचा डबा निघतो, बॅटरी आणि तिचा ट्रे निघतो, स्टार्टर सुटतो, पुढची चाकं काढतात, चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडून दोन्ही एक्सल (गिअरबॉक्सकडून चाकं फिरवणारे दांडे) ओढून बाहेर काढतात, गिअरच्या केबल, अर्थिंगची वायर, गिअर ऑइल, एवढं सगळं. म्हणजे हात या सगळ्या ठिकाणी गेलाय. आता तुमची एकेक तक्रार घ्या आणि ती त्या हाताच्या वाटेत येते का ते बघा.

सी-२०१: आयडलिंग आधी बाजूला काढा. बॅटरीची वायर काढली की ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) शिकून ठेवलेलं पुसलं जातं, गाडी थोडी चालली की परत बसतं. नाहीच बसलं तर एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा पाइप बघा, त्याची क्लॅम्प सैल राहिली तर असंच होतं आणि ते मात्र त्याचंच काम.

सी-२०१: एबीएसबद्दल माझा संशय पक्का आहे. पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर नकलला (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) क्लिपने धरलेली असते, एक्सल काढताना नकल बाहेर खेचला की ती ताणते, परत लावताना क्लिप लावायची राहते किंवा कनेक्टर पूर्ण आत जात नाही. दिवा निघाल्या निघाल्या लागला, ही वेळ पण त्याच्याविरुद्धच जाते. पण नुसत्या संशयावर जाऊ नका, स्कॅनर लावून कोड काढा. सी ००३५ आला तर डावं पुढचं चाक. तोही एवढंच सांगतो की त्या सर्किटमध्ये गडबड आहे, सेन्सर मेला की वायर सुटली ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

ई-६०५: काका पण उंदराने खाल्ली तरी तोच कोड येणार ना?

सी-२०१: बरोबर, तोच येणार. म्हणून तर बघायचं. उंदराने कुरतडलेली वायर लगेच कळते, वरचं प्लॅस्टिक ठिकठिकाणी सोललेलं, दातांच्या खुणा, आजूबाजूला लेंड्या, आणि एकच वायर खाल्ली, बाकीच्यांना धक्का नाही असं सहसा होत नाही. ताणलेली किंवा एक्सलला घासलेली वायर एकाच जागी चकाकते नाहीतर कनेक्टरचं लॉक तुटलेलं असतं.

बी-७०२: आणि एसी? त्याचाच जास्त खर्च सांगतायत लोक.

सी-२०१: एसीचं मला त्याच्यावर टाकणं पटत नाही. एसीच्या गॅसची लाइन बंद सर्किट असते, क्लचसाठी ती उघडायची गरजच नाही, आणि कंप्रेसर बेल्टच्या बाजूला असतो, गिअरबॉक्सच्या विरुद्ध. शिवाय काही आठवड्यांनी हळूहळू कोमट होणं हे गॅस झिरपण्याचं लक्षण आहे. मेट्रो ४ च्या कामाने घोडबंदर रोडवर जी खडी उडते ती सगळी कंडेन्सरवर (ग्रिलमागची एसीची जाळी) येते, ग्रिलमधून टॉर्च मारून बघा, कुठे तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली की तिथेच छिद्र. एक शक्यता मात्र सोडू नका, गिअरबॉक्स खाली असताना इंजिन एका बाजूने लटकतं आणि तेव्हा एखादा जुना पाइप दाबला जाऊ शकतो. तेलकट डाग पाइपच्या जोडाला असेल तर त्याला विचारा, कंडेन्सरला असेल तर खर्च आपला.

ए-१०३: काका तुम्ही गॅरेजवाल्याची बाजू घेताय असं वाटतंय. माणसाने चांगली गाडी दिली आणि तीन प्रॉब्लेम घेऊन आला.

सी-२०१: बाजू कोणाची नाही हो. चारही तक्रारी एकदम त्याच्या अंगावर टाकल्या तर तो एसीवरून सिद्ध करून दाखवेल की आपण खोटं बोलतोय, आणि मग एबीएसची खरी चूक पण त्यातच बुडेल. रिव्ह्यू पण म्हणूनच नंतर.

ए-८०१: मी वकील म्हणून थोडं सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी कलम २(११) मध्ये येते, पण ती सिद्ध करायची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये हे परत स्पष्ट केलंय. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या मेकॅनिकला काहीही उघडायला देऊ नका. त्याने हात लावला की पहिला म्हणणार तुमच्या दुसऱ्याने केलं, आणि तुमच्याकडे उत्तर राहणार नाही. नुसता स्कॅन करून घ्या, किलोमीटर दिसतील असे फोटो, व्हिडिओ काढा, जॉब कार्ड (काय काम केलं त्याचा गॅरेजचा कागद) आणि बिल शोधून ठेवा आणि गॅरेजला फोनवर न बोलता मेसेज करा, लेखी राहू दे. त्याला दुरुस्त करायची एक संधी द्या. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, नंतर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ऑनलाइन भरता येतं.

बी-७०२: मॅडम जॉब कार्ड तर त्याने दिलंच नाही, साध्या कागदावर लिहून दिलंय.

ए-८०१: तारीख आणि काम लिहिलंय ना? चालेल, जपून ठेवा. पुढच्या वेळी गाडी देताना डॅशबोर्डचा चालू इंजिनवरचा फोटो काढत जा, कुठले दिवे आधीपासून होते हा वादच राहत नाही.

बी-७०२: आणि थरथर?

सी-२०१: ती कधी येते ते नीट सांगा. ब्रेक दाबल्यावर आली तर ब्रेकची डिस्क. ॲक्सिलरेटर दाबताना आली आणि सोडल्यावर गेली तर एक्सलचा आतला जॉइंट, तो त्याच्या कामात येतो. दोन्ही नाही आणि ठराविक स्पीडलाच येते तर चाकांचं बॅलन्सिंग.

पुढचा रविवार

बी-७०२: अपडेट देतो. स्कॅन केला, डावं पुढचं चाकच निघालं. चाक काढून बघितलं तर वायर क्लिपच्या बाहेर लोंबकळत होती आणि एक्सलला घासून आतलं तांबं दिसतंय, बाकी कुठेही कुरतडलेलं नाही. फोटो गॅरेजवाल्याला पाठवला, आधी दोन दिवस काही उत्तर नाही, मग मॅडमनी सांगितलं तसा लेखी मेसेज टाकला तेव्हा फोन आला, सेन्सर स्वतःच्या खर्चाने बदलून दिला. आयडलिंग आपोआप नीट झालं. थरथर ऐंशी ते शंभरमध्येच आहे, ब्रेकने नाही की ॲक्सिलरेटरने नाही, रिमवर बॅलन्सिंगचं वजन चिकटवलेल्या जागी नुसता डाग राहिलाय. ते चाक काढताना पडलं की आधीच पडलं होतं ते आता कळणार नाही म्हणून बॅलन्सिंग स्वतःच करून घेतलं, वाद घातला नाही.

ए-१०३: आणि एसी?

बी-७०२: कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात काका म्हणाले तसाच तेलकट डाग. तो खर्च माझा. गॅरेजवाल्याला तसं सांगितलं पण.

डी-४०४: रिव्ह्यूमध्ये दोन्ही लिहा मग, चूक केली आणि भरून दिली.

सी-२०१: अजून एक राहिलंय ज्याची तुम्ही तक्रारच केली नाही. एक्सल काढले म्हणजे गिअरबॉक्सच्या ऑइल सीलला धक्का लागलेला असू शकतो आणि ती गळती लगेच दिसत नाही, थेंब थेंब जातं आणि शेवटी गिअरबॉक्सच बसतो. रात्री गाडीखाली, एक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो त्या जागेच्या बरोबर खाली, कोरा पुठ्ठा टाका. सकाळी डाग दिसला तर गाडी हलवायच्या आधी फोटो, आणि लगेच त्याच्याकडे.

बी-७०२: आज रात्रीच टाकतो काका. मानपाडा-पातलीपाडा साइडला कंडेन्सरचं काम नीट करणारा कोणी माहीत असेल तर पर्सनलवर नंबर द्या.

ई-६०५: मी पाठवते. आणि सेक्रेटरी साहेब, पेस्ट कंट्रोल?

सेक्रेटरी: पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतोय, डक्टच्या बाजूच्या गाडीवाल्यांनी फ्लॅट नंबर इथे टाका.