प्रतिसाद: गुलमर्गला स्कीइंगसाठी मोजे किती?

दोन जोड्या सुती मोजे एकावर एक घाला, हा वरचा सल्ला कृपया कुणी पाळू नका. बेळगावच्या डिसेंबरातल्या गारठ्याला तो चालेल, स्कीच्या बुटात उलटा पडतो. हे बूट कडक प्लॅस्टिकचे. आत दुसरा मोजा कोंबला की पाऊल आवळतं, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. सुती कापड घाम धरून ठेवतं, ते वेगळंच. लोकरीचा एकच पातळ, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा मोजा घाला; बेळगावच्या गणपत गल्लीत नाही मिळाला तर श्रीनगरात घ्या. भाड्याचा बूट घेताना ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की थोडी मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागाच. पँट किंवा थर्मलची घडी बुटात जाऊ देऊ नका, नडगी सोलवटते.

गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या केबल कारचं, दुसऱ्या टप्प्याचं तिकीट शिकाऊ माणसाने स्कीसाठी काढू नये. तो टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९०० मीटरवर नेतो, आणि तिथले उतार उभे, हिमस्खलनाचा धोका असलेले. वारा वाढला की तो टप्पा बंदही करतात. शिकायचे सौम्य उतार खाली गुलमर्गातच आहेत, तेही २,६५० मीटरवर. आपण बेळगावच्या साडेसातशे मीटरवरून जाणार, त्यामुळे विरळ हवेची सवय व्हायला पहिला दिवस नुसता चालण्यात घालवा.

आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, एकाकडे तरी पोस्टपेड हवंच.