गुळाचा ‘रवा’ शब्दकोड्यात चालतो का? कालच्या पोस्टला उत्तर

आडवा-उभा:
काल इथं एका सद्गृहस्थांनी पोस्ट टाकली. रविवारच्या कोड्यात ‘गुळाची ढेप (2)’, म्हणजे दोन अक्षरी, असा क्लू होता, उत्तर ‘रवा’ (आपल्या कोल्हापुरात ढेपेला रवाच म्हणतात) छापून आलं आणि साहेबांचा पारा चढला. म्हणणं काय, तर रवा शिऱ्याचा असतो, कोडं करणाऱ्याला मराठी येत नाही, आणि मुळात शब्दकोडं म्हणजे घोकंपट्टी. पेरूची राजधानी लिमा, जपानचं चलन येन, एवढं पाठ असलं की झालं म्हणे.

आमच्या तालमीच्या गणपती अंकाचं कोडं दहा वर्षं मी करतोय, म्हणून बोलतो. इंग्रजीत 26 अक्षरांत भागतं. आपल्याकडं एका चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर बसतं. आडव्यात ‘का’ आला तर उभ्यातही ‘का’च पाहिजे, नुसता क चालत नाही. ‘रंकाळा’ एकदा चौकटीत बसवून बघा. ळ नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही, म्हणजे उन्हाळा नाहीतर जिव्हाळा वरून ओढत आणून त्या चौकोनात संपवायचा. त्यात उन्हाळ्याचा ‘न्हा’ आणखी कुठं जुळवायचा ते वेगळंच. म्हणून आपली कोडी आखूड शब्दांची आणि काळ्या चौकोनांनी भरलेली असतात. कोपऱ्यात ‘मा’ उरला की रमा, उमा, सीमा, विमा वापरून संपतात आणि माणूस पेरूत जातो. हौस म्हणून नाही जात.

पुण्यात अडकलेला:
पोस्ट माझीच. जन्म कोल्हापूरचाच आहे, तेव्हा उपरा समजू नका. मुद्दा साधा आहे. कोडं अख्ख्या महाराष्ट्रात छापलं जातं. मी ‘भेली’ लिहिलं. भेली म्हणजे गुळाची ढेपच, अक्षरंही दोनच. मग माझं चूक आणि तुमचं बरोबर कसं? याला ज्ञान म्हणत नाहीत, गावकी म्हणतात.

वऱ्हाडी पाहुणा:
भेली बरोबर आहे ना भाऊ. आमच्याकडे तेच म्हणतात. कोल्हापूरवाल्यांना वाटते गूळ त्यांनीच शोधला.

गुळव्याचा नातू:
शोधला नसंल, पण 2014 ला भौगोलिक मानांकन कोल्हापूरच्या गुळाला मिळालंय पाहुणं. आणि शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली ती काय शिऱ्याच्या रव्यासाठी?

माझा आजा गुळव्या होता. काहिलीतला रस उकळला की भेंडीचं पाणी घालून मळी काढायचा, पाक झाला का ते बघायला थेंब गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळायचा. थर्मामीटर बिटर काय नाही. गोळी बघायची आणि “उतरा” म्हणायचं. चुलवणातला जाळ जरा जास्त झाला तर जाळ घालणाऱ्याला जी शिवी बसायची ती इथं लिहिता येत नाही. मग वाफ्यात ओतून, घोटून, साच्यात भरला की झाला रवा. तीस किलोचा. तो उचलून गाडीत टाकताना आज्याची पाठ गेली ती गेलीच. आणि आता कोण म्हणतंय रवा शिऱ्याचा. व्हय की, शिऱ्याचाच.

मंगळवार पेठ:
तीस किलोचा रवा आता बघायला मिळतोय का भावा? दहाचा, पाचचा, नाहीतर एक किलोचा बॉक्स. आणि त्यात साखर किती ते विचारू नकोस. गेल्या दिवाळीला एका दुकानातनं पिवळाधमक गूळ आणला, बायकोनं चहात टाकला तर चहा फाटला.

गुळव्याचा नातू:
पिवळा बघून घेतलास इथंच चुकलास. गिऱ्हाईकालाच पिवळा पाहिजे म्हणून त्यात पावडरी पडत्यात. चांगला गूळ काळपट तांबूस असतोय. तुझ्यासारख्यांनीच गुऱ्हाळं बुडवली.

मंगळवार पेठ:
मी बुडवली? गुऱ्हाळं बुडाली ती कारखान्याच्या दरानं आणि कामाला माणूस मिळंना म्हणून. उगं माझ्या चहावर घसरू नकोस.

निवृत्त मास्तर:
एक सुधारणा. काहींनी खासगीत ‘गुळ’ असे लिहून पाठवले आहे. शब्द ‘गूळ’, दीर्घ. विभक्ती लागली की ऱ्हस्व होतो: गुळाचा. तसेच ऊस, उसाचा. छापील कोड्यांतसुद्धा ‘किर्ती’ आणि ‘कीर्ती’ एकाच चौकोनात कोंबतात, त्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही. मी एका दैनिकाला सात पत्रे पाठवली. उत्तर नाही.

पुण्यात अडकलेला:
मास्तर, विषय काय, आपण बोलताय काय. चहा, पाठदुखी, वेलांट्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. दोन बरोबर उत्तरं असलेला क्लू वाईट असतो की नाही?

आडवा-उभा:
असतो, जर उभे शब्द सोडवलेच नाहीत तर. रव्याच्या ‘वा’वरून 9 उभं खाली जात होतं: ‘कृष्णेची उपनदी (3)’. कोयना, येरळा, वारणा, तिन्ही तीन अक्षरी. तुमच्या भेलीत तिथं ‘ली’ येतो. ‘ली’नं सुरू होणारी कृष्णेची उपनदी दाखवा, मी पुण्याला येऊन तुम्हाला मिसळ चारतो. 9 उभं कोरं ठेवून भेली लिहिली आणि राग मराठीवर काढला, असं झालंय.

वऱ्हाडी पाहुणा:
हे मात्र पटले. पण क्लू नागपुरात करा एकदा, मग सांगतो.

कोडेवेडी काकू:
घोकंपट्टी म्हणणाऱ्यांसाठी. मी रोज सकाळी कोडं सोडवतो, मग चहा. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. लिमा-येन त्यांना ठाऊक नव्हतं, पण अर्जुनाची नावं विचारली की पार्थ, किरीटी, धनंजय, सव्यसाची, गुडाकेश, धडाधड. कीर्तनात ऐकलेली. मी भूगोल बघायचो, त्या पुराण. अर्धांगवायूनंतर वाचा गेली तरी पेन्सिल धरून डाव्या हातानं चौकोन भरायच्या. एकदा ‘भुंगा (3)’ला मी ‘भ्रमर’ लिहिलं तर त्यांनी खोडून ‘मिलिंद’ केलं, आणि तेच जुळलं. ह्याला घोकंपट्टी म्हणायचं असंल तर म्हणा.

पुण्यात अडकलेला:
सासूबाईंबद्दल आदर आहे. पण काकू, ‘मी सोडवतो’ नाही, ‘सोडवते’.

कोडेवेडी काकू:
मी कोल्हापूरची बाई आहे, मी सोडवतोच म्हणणार. जन्म इथला म्हणतोस आणि एवढं विसरलास? पुण्यानं पार धुतलं की रं तुला.

मंगळवार पेठ:
काकू 🔥

इतिहासप्रेमी:
माहितीसाठी: पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांचं, 21 डिसेंबर 1913, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये. चौकटीचा आकार शंकरपाळीसारखा, मधे पोकळ, आणि नाव ‘वर्ड-क्रॉस’.

मंगळवार पेठ:
आणि 1912 ला आमचं कुस्तीचं खासबाग मैदान सुरू झालं. आता पुढं काय करायचं ह्याचं?

निवृत्त मास्तर:
माझ्या मते माहिती विचारणारी कोडी दुय्यमच, इथे पोस्टकर्त्याशी मी सहमत आहे. खरे कोडे शब्दाशी खेळते. उदाहरणार्थ: ‘उलटे केले तरी कोरेच (3)’. उत्तर नवीन. ‘उलटा फिरला तरी बघतोच (3)’. नयन. याला ना नकाशा लागतो, ना गुऱ्हाळ.

पुण्यात अडकलेला:
धन्यवाद मास्तर. या धाग्यात शहाणा माणूस एकच निघाला.

आडवा-उभा:
मास्तर, असली दहा झाली की अकराव्याला तुम्हीसुद्धा रमा-उमाला हाक मारणार. आणि माहितीच्या क्लूतही डोकं लागतं. ‘करवीरनिवासिनी (4)’ घ्या. अंबाबाईही चार, महालक्ष्मीही चार.

मंगळवार पेठ:
अंबाबाईच! विषय संपला. महालक्ष्मी म्हणणाऱ्यानं आधी बिंदू चौकात यावं.

आडवा-उभा:
अहो थांबा, भांडू नका. चौकट काय म्हणते बघा. महालक्ष्मीचा ‘क्ष्मी’ उभ्या शब्दात कुठं घालणार? लक्ष्मी, राजलक्ष्मी, गृहलक्ष्मी, म्हणजे फिरून लक्ष्मीच. अंबाबाईचा ‘ई’ आला की ईश्वर आहे, ईर्षा आहे, ईद आहे. मी दहा वर्षं अंबाबाईच घालतो. श्रद्धा आहेच, पण सोयही आहे.

मंगळवार पेठ:
सोय म्हणू नकोस. कौल म्हण.

निवृत्त मास्तर:
हा युक्तिवाद मला सुचला नव्हता. मान्य. मात्र ‘ईर्षा’ हे रूप अशुद्ध आहे. ‘ईर्ष्या’.

पुण्यात अडकलेला:
ठीक आहे. वारणा मी बघितली नव्हती, हे मान्य. रवा म्हणजे ढेप, तेही मान्य, तीस किलोचा, आजोबांच्या पाठीसकट. पण क्लूमध्ये ‘कोल्हापुरी’ एवढा एक शब्द घातला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं, यावर मी ठाम आहे.

आडवा-उभा:
हे मात्र बरोबर. पुढच्या अंकात घालीन. तुमच्या नावानं नाही.

पुण्यात अडकलेला:
बरं, घोकंपट्टीवाल्यांपैकी कोणी जागं आहे का? आजचं 14 उभं. ‘उसाचा शेंडा, जनावरांचा चारा (2)’. पहिलं अक्षर ‘वा’.

गुळव्याचा नातू:
वाढं. काकूंना सांगू नकोस, मी सांगितलं म्हणून.

कोडेवेडी काकू:
मी वाचतोय सगळं.