डेंटल हायजिनिस्टचा डिप्लोमा करावा का?

मीनल_आई: मुलीची बारावी सायन्स झाली. बीडीएस आम्हाला परवडणार नाही. हा दोन वर्षांचा कोर्स कसा आहे? काम नेमकं काय असतं?

हिरडीताई: मी हेच काम करते. १९४८च्या दंतवैद्यक कायद्यानेच आमचं काम ठरवलं: दात साफ करणं, पॉलिश करणं, निगा शिकवणं. दात भरणं-काढणं डॉक्टरांचं. परवा एका काकांच्या खालच्या पुढच्या दातांमागे इतकं कीटण, म्हणजे साचून कडक झालेला थर, होतं की फटीच दिसत नव्हत्या. स्केलर, म्हणजे कीटण काढायचं यंत्र, लावला, थोडं रक्त आलं, काका घाबरले. म्हणाले, "आता दात हलणार ना?" मी आरसा हातात दिला. सफाईने दात हलत नाहीत हो, कीटणामुळे हिरडीखालचं हाड झिजतं, म्हणून हलतात! हे समजावण्यातच माझा निम्मा दिवस जातो, आणि मला तेच सगळ्यात आवडतं.

सांगलीकर: कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना, राज्य दंत परिषदेत नोंदणी होते ना, ते आधी बघा.

मीनल_आई: ताई, पगाराचं काय?

हिरडीताई: लहान दवाखान्यात डॉक्टर स्वतःच सफाई करतात, तिथे जागा कमी. डेंटल कॉलेज, मोठी हॉस्पिटलं इथे विचारा. मुलीला माणसांशी बोलायला आवडतं का?