नगावर इन्सेन्टिव्ह लावल्यापासून रिजेक्शन वाढलंय. दंड लावावा का?

मशीनशॉप_भोसरी
नमस्कार. छोटं युनिट आहे, ८ सीएनसी टर्निंग मशिन्स (संगणकावर चालणारे लेथ), दोन पाळ्या. स्टीलच्या बुशचं (आतून पोकळ गोल नळीसारख्या भागाचं) काम, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ५० सेकंद. तीन महिन्यांपूर्वी इन्सेन्टिव्ह सुरू केला: पाळीला ४८० नगांच्या वर प्रत्येक नगाला २ रुपये. उत्पादन वाढलं, पण रिजेक्शन दीड टक्क्यावरून चारवर गेलं आणि आता खराब नग ग्राहकापर्यंत पोचायला लागलेत. सकाळच्या मीटिंगमध्ये नाव घेऊन बोलणं सुरू केलं, तर पोरं गप्प झाली आहेत. मालक म्हणतात, प्रत्येक रिजेक्ट नगामागे १० रुपये कापा. दंडाने फरक पडेल का? की इन्सेन्टिव्हच बंद करावा?

इन्सर्ट_कॉर्नर
दंडाचं नंतर बघू. आधी तुमचं ४८० तपासा, कारण हिशोबातच गडबड दिसतेय.

८ तासांतून जेवण-चहाची ४५ मिनिटं गेली की ४३५ मिनिटं उरतात. इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कापायच्या तुकड्याचा) एक कॉर्नर, म्हणजे एक धार, साधारण १२० नग चालतो असं धरा, म्हणजे पाळीत ४ वेळा कॉर्नर बदलायचा. मशीन थांबवणं, कॉर्नर फिरवणं, ऑफसेट (धारेच्या जागेची दुरुस्ती) देणं, पहिला नग मापणं, यात एका वेळी ४ मिनिटं जातात. झाली १६. पाळीच्या सुरुवातीला पहिला नग क्वालिटीकडून पास व्हायला १० मिनिटं. राहिली ४०९ मिनिटं, म्हणजे ४९० नग. सगळं नियमाने केलं, एकदाही मशीन अडलं नाही, तर मिळतात २० रुपये. ज्याने चारपैकी तीन वेळा कॉर्नर बदललाच नाही आणि पहिला नग पास व्हायची वाट बघितली नाही, त्याचे ५१७ नग होतात. त्याला ७४ रुपये. तुमची योजना कोणाला जास्त पैसे देतेय ते बघा. पोरांनी ती बरोबर वाचली आहे.

आता रिजेक्ट पेटीतले नग हातात घेऊन मापा. कॉर्नर झिजला की बाहेरचा व्यास वाढतो आणि बोअर (आतलं भोक) लहान होतो. असे नग बहुतेक रिवर्कमध्ये, म्हणजे पुन्हा कापून, वाचतात. पण कॉर्नर ताणायचा म्हणून ऑपरेटर दर वीस-तीस नगांनी वेअर ऑफसेट (झिजेची भरपाई) थोडा थोडा आत घेत जातो. शेवटी कॉर्नर बदलावाच लागतो, आणि घाईत तो ऑफसेट मागे घ्यायचा राहून जातो. नवी धार जास्त कापते. बाहेरचा व्यास लहान, बोअर मोठा, नग सरळ भंगारात. कॉर्नर बदलल्यानंतरचे पहिले दोन-चार नग असे निघत असतील तर दुखणं हेच आहे.

तपासणीचं रजिस्टरही उघडा. दर १० नगांना एक माप लिहायचं असतं. सगळ्या रकान्यांत एकच आकडा, एकाच पेनाने, एकाच ओघात लिहिलेला असेल, तर ते पाळी संपताना भरलंय.

वेतनपत्रक
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. दंडाबद्दल दोन गोष्टी.

पहिली कायद्याची. पगारातून दंड मनाला येईल तसा कापता येत नाही. कोणत्या चुकीला दंड हे आधी जाहीर असावं लागतं, कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि एका वेतनकाळातला एकूण दंड त्या काळाच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये. नगामागे सरसकट १० रुपये यात बसत नाहीत.

दुसरी जास्त महत्त्वाची. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. दंड काढून टाकला तरी संख्या खाली आली नाही. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची टोचणी होती, दंडाने ती संपली आणि उशिराची किंमत ठरली. नग बिघडला की चांगल्या ऑपरेटरला आज जी चुटपूट लागते, तीच तुमची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. तिला १० रुपयांचा भाव लावू नका.

लाल_पेटी
"पोरं गप्प झाली आहेत" हे वाक्य मला चार टक्क्यांपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. ग्राहकाकडे खराब नग जातायत, म्हणजे ते रिजेक्टच्या लाल पेटीऐवजी ओके क्रेटमध्ये पडतायत. हे भीतीचं काम आहे.

संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीम कमी चुका करत असतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या नावावर जास्त चुका निघाल्या. त्या टीममध्ये चूक बोलून दाखवता येत होती, एवढाच फरक. टोयोटात अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो, टीम लीडर लगेच जागेवर येतो आणि आधी अडचण ऐकून घेतो. दोरी ओढल्याबद्दल बोलणी बसली असती तर दुसऱ्या दिवशी कोणी हात लावला नसता.

तुमच्याकडे उद्यापासून करता येईल ते असं. मीटिंगमध्ये नावं घेणं बंद. बोर्डवर मशीन नंबर, दोष आणि कारण एवढंच. खराब नग स्वतः आणून दाखवला तर पहिला प्रश्न "कॉर्नर कितव्या नगाला बदलला होता?" हा असू द्या. "लक्ष कुठे होतं?" विचारलंत की पुढचा नग दिसणार नाही. एकट्याशी बोलायचं ते मशीनपाशी, हळू आवाजात, त्याच पाळीत.

आणि एक इशारा: पहिले दोन-तीन आठवडे लाल पेटी जास्त भरेल. तेव्हा मालकांना थोपवून धरणं हे तुमचं काम. त्या आठवड्यात आरडाओरडा झाला तर पोरं पुन्हा गप्प होतील आणि दुसऱ्यांदा विश्वास ठेवणार नाहीत.

मशीनशॉप_भोसरी
कॉर्नरचं तंतोतंत तसंच निघालं. १४ भंगार नग मापले, ११ मध्ये बाहेरचा व्यास लहान. मग इन्सेन्टिव्ह आजच बंद करू का?

वेतनपत्रक
नको. मिळत असलेले पैसे अचानक गेले की ते पगारकपातीसारखंच लागतं, आणि राग निघतो तो मशीनवर. या महिन्याचे जुन्या दराने चुकते करा आणि नवा दर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, आठ दिवस आधी बोर्डवर लावून.

बेस ४४० धरा, म्हणजे ४९० च्या सुमारे ९० टक्के. मोजायचे फक्त पास झालेले नग. कॉर्नर बदल आणि पहिल्या नगाची वाट, दोन्ही वेळ हिशोबात धरलेत हे ऑपरेटरसमोर पाटीवर गणित मांडून दाखवा. पैसे दोन्ही पाळ्यांच्या मिळून आकड्यावर द्या, नाहीतर झिजलेला कॉर्नर पुढच्या पाळीच्या गळ्यात घालून माणूस घरी जातो.

इन्सर्ट_कॉर्नर
पैशाशिवायही लक्ष्य चालतं, हे मालकांना सांगा. ओक्लाहोमात लाकडाचे ट्रक कायदेशीर वजनमर्यादेच्या साधारण ६० टक्केच भरत होते. ९४ टक्के असं नेमकं लक्ष्य दिलं आणि आकडा घसरला तरी कारवाई नाही हे आधीच सांगितलं, तर ट्रक ९० टक्क्यांच्या आसपास भरायला लागले. जादा पैसे दिले नव्हते. हा अभ्यास १९७५ चा.

तुमच्यासाठी तसं लक्ष्य एकच ठेवा: कॉर्नर १२० व्या नगाला बदलणे. कंट्रोलरमध्ये टूल लाइफ काउंटर (एका धारेवर झालेले नग मोजणारा) असेल तर तो १२० वर लावा, मशीन आपोआप थांबेल. नसेल तर दर १२० नगांनी नवा क्रेट द्या. क्रेट भरला की कॉर्नर बदल, वेअर ऑफसेट शून्य, पहिला नग मापून मगच पुढे. मशीनच्या दारावर या तीन ओळी मोठ्या अक्षरात चिकटवा.