शब्दचर्चा: पॅनिक्युलायटिसला मराठीत काय म्हणावं?

कातरवेळ
मुतखडा आहे का बघायला आईच्या पोटाचा सीटी काढला. खडा नव्हता, पण रिपोर्टाच्या तळाशी 'मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस' निघालं. आईने त्यातलं 'पॅनिक' तेवढं उचललं. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघू. आता नातेवाइकांचे फोन सुरू झालेत. याला मराठीत नेमकं म्हणायचं काय? एका ठिकाणी 'वसाशोथ' वाचलं, ते काही पटेना.

पाटीपेन्सिल
'वसाशोथ' हिंदीतून आलेला दिसतोय. हिंदीत चरबीला सर्रास वसा म्हणतात. आपण वसा घेतो, आणि उतत नाही, मातत नाही, टाकत नाही. तुमच्या आईंना वाटायचं श्रावणातलं काहीतरी राहून गेलं! मराठी शास्त्रीय लेखनात 'मेद' रुळलेला आहे. 'मेदशोथ' म्हणा, म्हणजे चरबीची सूज.

उंबरठा
शोथ पुस्तकात ठीक. बोलताना कोण म्हणतं? त्याला पर्याय म्हणून 'दाह' लावतात, अपेंडिसायटिसला आंत्रपुच्छदाह वगैरे. पण पोटात दाह म्हटलं की माणूस ॲसिडिटी समजून थंड दूध पितो. दवाखान्यात ऐकू येतं ते 'आतड्याला सूज आहे'. त्याच चालीवर 'चरबीला सूज' म्हणा की सरळ.

पाटीपेन्सिल
'चरबी' शब्दाला आपल्याकडे भलता वास आहे. 'फार चरबी चढलीय' हे वजनाबद्दल नसतं. आणि शब्दशः घेतलं तर ऐकणारा म्हणणार, मी कुठे एवढी जाड आहे?

सूक्ष्मदर्शी
पॅथॉलॉजी शिकवण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

लॅटिनमध्ये पॅनस म्हणजे कापड. त्याचं लघुरूप पॅनिक्युलस, म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी. कातडीखालच्या चरबीच्या थराला हे नाव पडलं. म्हणजे मूळ शब्द त्वचेच्या बाजूचा. पोटातल्या आजाराने तो उसना घेतलाय. घोळ इथेच आहे. कातडीखालचा पॅनिक्युलायटिस आणि पोटातला पॅनिक्युलायटिस हे एकाच रोगाचे दोन पत्ते नव्हेत. नुसतं 'मेदशोथ' म्हटलं की तसं वाटतं, म्हणून जागा सांगितल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

पोटातली जागा म्हणजे मेसेंटरी, परिभाषेत आंत्रबंध. लहान आतड्याला पाठीकडच्या भिंतीशी धरून ठेवणारा चरबीदार पडदा. भिंतीपाशी त्याची मुळाची रेघ जेमतेम १५ सेंटिमीटर, आणि दुसऱ्या काठाला सहाएक मीटर आतडं. साडीच्या निऱ्या कमरेला चिमटीत मावतात आणि खाली पसरतात, तसं. या पडद्यातली चरबी सीटीवर काळसर दिसते; सूज असली की तिथे धुकं पसरल्यासारखं दिसतं. सुमारे ७,६०० सीटी तपासलेल्या एका अभ्यासात हे ०.६ टक्के लोकांत आढळलं होतं. बहुतेकांना त्रास काहीच नसतो. थोड्यांच्या बाबतीत तिथे व्रणासारखा घट्टपणा येतो, आतडं ओढलं जातं, क्वचित अडतंही. त्याला स्क्लेरोझिंग मेसेंटेरायटिस म्हणतात. तिथे स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन अशी औषधं लागतात. पुन्हा बघू म्हणतात ते यासाठी, आणि आसपासच्या लसीकाग्रंथी फुगल्या नाहीत ना हे पाहण्यासाठी.

रानजाई
आणि त्वचेचा? मी एका संस्थेसाठी रुग्णपत्रकं मराठीत करते. त्यातल्या 'एरिथेमा नोडोसम'ला मूळ मसुद्यात 'लाल गाठी' आहे. ठेवू का?

सूक्ष्मदर्शी
'गाठ' वाचलं की लोक थेट कॅन्सरवर जातात. 'नडगीवर दुखऱ्या लाल गाठी' असं पुरतं लिहा. नडगी आणि दुखऱ्या हे दोन शब्द आले की भीती निम्मी होते. या गाठी सहसा फुटत नाहीत. काही आठवड्यांत मुका मार लागल्यासारख्या काळ्यानिळ्या-पिवळ्या होऊन विरतात, व्रणही राहत नाही. घशाचा संसर्ग, सल्फाची औषधं, गरोदरपण, अशी कारणं बरीच. आपल्याकडे टीबी आधी आठवावा. पोटरीवर उठून फुटणाऱ्या गाठी मात्र वेगळ्या, त्या बाझिनच्या एरिथेमा इंड्युरेटममध्ये, आणि तिथे तर टीबी शोधायचाच.

पत्रकात एक गोष्ट जरूर घाला. कुष्ठरोगातही अशा गाठी ताप आणून उठतात, एरिथेमा नोडोसम लेप्रोसम. त्या उपचार चालू असतानाही येतात. मग पेशंट म्हणतो, गोळ्यांनीच उठलं, आणि गोळ्या बंद करतो. ती कुष्ठरोगातलीच एक प्रतिक्रिया आहे, गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत, हे ठळक अक्षरांत हवं.

उंबरठा
गळू पिकतं, फुटतं, वाहतं. गाठ उठते, बसते, विरते. इतकी क्रियापदं हाताशी असताना आपण 'निर्माण होते' का लिहितो कळत नाही.

सूक्ष्मदर्शी
अगदी! कातडीखालच्या चरबीतल्या वेबर-ख्रिश्चन रोगाचंच बघा. १९२५मध्ये पार्क्स वेबरने दिलेल्या वर्णनात 'रिलॅप्सिंग', 'नॉड्युलर', 'नॉन-सप्युरेटिव्ह' हे सगळं होतं. १९२८मध्ये हेन्री ख्रिश्चनने त्याला 'फेब्राइल' जोडलं. मराठीत: पुन्हा पुन्हा उठणारी, न पिकणारी, ताप आणणारी गाठ. पाठ करायची गरज नाही. ते निदान आता फारसं कुणी करत नाही, कारण त्या नावाखाली स्वादुपिंडाचे आजार, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या रक्तातल्या प्रथिनाची कमतरता, लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, असं काय काय निघालं.

बायोप्सीबद्दलही लिहा. रोग चरबीत, आणि टवका वरवरचा काढलेला, असे नमुने फार यायचे. पेशंटला 'जरा खोल तुकडा घ्यावा लागेल' हे आधीच कळलेलं बरं.

पाटीपेन्सिल
माझा 'मेदशोथ' शीर्षकापुरता तरी ठेवा. 'आंत्रबंधाचा मेदशोथ', आणि खाली साध्या भाषेत अर्थ.

कातरवेळ
फोनवर 'आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या चरबीला थोडी सूज आहे' असं सांगतेय. चाललं. फक्त मावशीने लगेच आईचं तूप बंद करायला सांगितलंय.

सूक्ष्मदर्शी
तुपाचा आणि या सुजेचा असा सरळ संबंध नाही. वरणभातावर चमचाभर घेऊ द्या. वजन, साखर, कोलेस्टेरॉलसाठी कमी करायचं असेल तर ते तिच्या डॉक्टरांना विचारा, मावशीला नको.