तेराव्या भागापर्यंत दम का पुरत नाही

व्हॅम्पायर-प्रेमकथांच्या मालिका तिसऱ्या भागानंतर कंटाळवाण्या होतात, असं तुम्ही म्हणालात, ते बऱ्याच अंशी पटलं. पण दोष नुसत्या लांबीचा नाही. शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाउस मालिका घ्या: २००१ ते २०१३, १३ कादंबऱ्या. नायिका सूकीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळं ती वैतागलेली. बिल हा व्हॅम्पायर भेटतो आणि त्याच्या मनातून काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेच्याच ती प्रेमात पडते. किती सुंदर कल्पना आहे! धोकाही तिथंच, कारण त्याच्या मनात काय शिजतंय ते कळायला मार्ग नाही. पुढं लांडगामानव येतात, पऱ्या येतात, त्यांची भांडणं येतात आणि ती शांतता मागं पडते. पात्रं वाढली की मागचं सांगण्यातच पानं जातात.

'ट्वायलाइट' मालिकेत व्हॅम्पायरच्या प्रेमात पडलेली बेला चौथ्या भागात स्वतःच व्हॅम्पायर होते. स्पर्शातली भीती संपते, मग ओढही सैलावते.

कोल्हापुरातल्या आपल्या वाचनगटासाठी हॅरिस घेणार असाल तर पहिले चार भाग क्रमानं, सलग घ्या. चौथ्यात एरिक या दुसऱ्या व्हॅम्पायरची स्मृती जाते, तो भाग सर्वांत सरस. मग महिनाभर दुसरं काही वाचा, आणि मगच पाचवा उघडा.